रेडिएटरमध्ये कोणते पाणी घालता?



बेणे, लागण, खते सोडून ऊस विकास अधिकाऱ्याने ट्रॅक्टरच्या रेडिएटरवर का लिहावे, असे कोणी विचारील. पण तोडलेला ऊस वाटेत अडकला की त्याचे वजन घटते आणि उताराही घटतो. तेव्हा हा विषय माझ्या खात्यात आपोआप आलाच.

गेल्या हंगामातली गोष्ट. फेब्रुवारीतली दुपार, मी शिवारातून परत येत होतो. चढावर आपल्याच एका सभासदाचा ट्रॅक्टर उभा. मागे उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या, बोनेटमधून वाफ. ड्रायव्हर विशीतला पोरगा. त्याने हाताला गोणपाट गुंडाळले आणि रेडिएटरच्या टोपणाला हात घातला. "अरे थांब!" म्हणेपर्यंत उकळते पाणी उसळले होते. मनगटापासून कोपरापर्यंत हात भाजला. माझ्या मोटारसायकलवरून त्याला दवाखान्यात नेले. ट्रॅक्टरचे हेड वाकले, गॅस्केट गेले, आठवडा मोडला. ऊस दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दुसऱ्याच्या ट्रॅक्टरने काट्यावर आला.

मालक म्हणाले, "साहेब, सकाळीच पाणी घातलं होतं की!" खरेच घातले होते. पण ते बोअरचे.

इंजिनात जळणाऱ्या डिझेलची साधारण एक तृतीयांश शक्तीच ओढायच्या कामी येते. जवळजवळ तेवढीच धुरावाटे जाते आणि उरलेली बरीचशी उष्णता रेडिएटरच्या पाण्याला वाहून न्यावी लागते. आता आपल्या बोअरच्या पाण्यात काय असते ते तुम्ही जाणताच. बंबाला आतून पांढरा थर धरतो, तोच थर इंजिनाच्या आत आणि रेडिएटरच्या बारीक नळ्यांत धरतो. पाणी वाफ होऊन जाते, क्षार मागे राहतात. पुन्हा तेच पाणी घातले की पुन्हा क्षार. जमीन क्षारपड होते ती अशीच. फरक एवढाच, की जमिनीवरचा पांढरा थर डोळ्यांना दिसतो, इंजिनातला दिसत नाही. त्या थरातून उष्णता नीट पार होत नाही, म्हणून रेडिएटर भरलेला असूनही इंजिन तापते.

तुमच्याच मालकीच्या कारखान्यात बॉयलरला विहिरीचे पाणी कोणी तसेच घालत नाही. वाफ थंड होऊन झालेले पाणी, त्यात साखरेचा अंश नाही ना हे तपासून, बॉयलरला देतात. वरून लागणारे पाणी मऊ करून घेतात. मग ट्रॅक्टरवरच अन्याय का?

"कुलंट बर्फाच्या मुलखातले, आपल्याला कशाला?" असे पुष्कळांकडून ऐकतो. आपल्याकडे ते गोठण्यासाठी नव्हे, गंजासाठी घालायचे. शिवाय त्याने पाणी उकळण्याचा अंशही वाढतो. ज्या डिझेल इंजिनात लायनरला बाहेरून थेट पाणी लागते, तिथे लायनरच्या थरथरीने बुडबुडे होऊन फुटतात आणि लोखंडाला बारीक खड्डे पडतात. योग्य कुलंटातली औषधे त्यालाही आवर घालतात. कुलंट कंपनीच्या पुस्तकात सांगितलेलेच घ्या, बहुधा निम्मे कुलंट व निम्मे डिस्टिल्ड पाणी असते. तयार मिश्रणाचा कॅन असेल तर त्यात पाणी घालू नका. दोन जातींचे एकत्र करू नका.

आता टोपणाविषयी, कारण हात तिथेच भाजतात. टोपणाची स्प्रिंग आतल्या पाण्यावर दाब ठेवते. त्या दाबामुळे पाणी शंभर अंशांच्या वर गेले तरी उकळत नाही. टोपण उघडले की दाब जातो आणि ते पाणी क्षणात वाफ होऊन अंगावर येते. गोणपाट काय करणार? ट्रॅक्टर बाजूला घ्या, चाकांना दगड लावा, इंजिन बंद करा आणि चांगला पाऊण तास बसा. वरची रबरी नळी हाताला गार लागल्यावरच टोपण उघडा. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतले तर हेडला तडा जातो. आणि काट्यावर फार भिस्त ठेवू नका; पाणी पार उतरले की तो कधी कधी खोटेच दाखवतो.

पाचटाचे निराळे. हंगामात रेडिएटरपुढची जाळी पाचटाच्या भुग्याने आणि धुळीने बुजते, म्हणून ती रोज काढून झटकावी. हवा मारायची ती पंख्याच्या बाजूने पुढे, आणि बेताने. नाहीतर पातळ पाती वाकतात. पंख्याचा पट्टा अंगठ्याने दाबून पाहावा, साधारण अर्धा इंच दबला तर ठीक. काही मिस्त्री थर्मोस्टॅट काढून फेकतात, "इंजिन थंड राहतं" म्हणतात. मला हे मुळीच पटत नाही. इंजिन फार थंड राहिले तर डिझेल नीट जळत नाही आणि झीज वाढते.

अग्निप्रदीपनाच्या आधी महिनाभर रेडिएटर धुवून घेतला तर मिस्त्रीही मोकळा सापडतो. जुने कुलंट मात्र पाटात किंवा ओढ्यात सोडू नका. ते चवीला गोडसर पण विषारी असते. जनावर चाटते, कुत्रे तर हमखास. डब्यात भरून झाकण लावा आणि गोठ्यापासून लांब ठेवा.

— ऊस विकास अधिकारी