हवामान बदललं, ताटाचं काय?

‘हवामान बदल’ म्हटलं, की वाटतं, हा विषय शास्त्रज्ञांचा. त्यात आपण काय बोलणार? पण मैत्रिणींनो, हा विषय आपल्या कणकेच्या डब्यापर्यंत केव्हाच येऊन पोचलाय!

२०२२ चा मार्च आठवतोय? १९०१ पासूनच्या नोंदींत तोवरचा देशातला तो सर्वांत तापलेला मार्च. गव्हाचा दाणा भरण्याचे हेच दिवस. गारवा टिकला तर दाणा सावकाश, टपोरा भरतो. ऊन एकदम तापलं, की पीक लवकर वाळतं आणि दाणा बारीक राहतो. पंजाब-हरियाणात नेमकं तेच झालं. शेवटी १३ मे २०२२ रोजी सरकारला गव्हाची निर्यात थांबवावी लागली. २०२३ चा ऑगस्ट तर १९०१ नंतरचा सर्वांत कोरडा ठरला. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाडा-सोलापुरात इतकं पाणी आलं, की उभं सोयाबीन कुजलं, कुठे मातीच वाहून गेली.

बचत गटाच्या कामासाठी मी खेड्यांत जाते. एका बैठकीत एक बाई म्हणाली, “ताई, पूर्वी रानात चार पिकं असायची. एक गेलं तर दुसरं हाताशी यायचं. आता सगळीकडे सोयाबीनच. ते गेलं, की भाकरीची ज्वारीही दुकानातूनच!” आणि धान्य पुरेना झालं, की आधी कोणाच्या ताटातली भाकरी कमी होते, हे का सांगायला हवं?

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणं जपलं. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्या कामाचं मोल इथे कळतं. निरनिराळी पिकं, निरनिराळे वाण वेगवेगळ्या वेळी तयार होतात. एका तडाख्यात सगळं जात नाही. गावरान बी म्हणजे सगळ्या संकटांवर उतारा नव्हे. पुरापुढे तेही टिकत नाही. पण घरात बी असलं, तर पुन्हा पेरायला उधारी करावी लागत नाही.

शहरातल्या आपण काय करायचं? आठवड्यातून दोन-तीन दिवस पोळीऐवजी ज्वारी, बाजरी, नाचणीची भाकरी करू या. मागणी असेल, तरच शेतकरी ही पिकं पेरेल ना! गावाकडच्या मैत्रिणींनी बांधावर तूर-मूग, परसात वाल-भोपळा लावावा, थोडं बी राखेत घोळवून ठेवावं. आणि हो, पेरणीचं ठरवताना घरच्या बाईलाही विचारावं. वर्षभराची चूल तिलाच पेटवायची असते.