बाथरूमच्या टाइल्स रंगवाव्यात का?

फुलसावंगीसारख्या महागाव तालुक्यातल्या गावात अनेक घरांत बोअरचं पाणी वापरतात. बोअरचं पाणी जड असेल तर भिंतीवर वाळताना कॅल्शियमचे क्षार मागे राहतात आणि टाइल्स पांढरट, कळकट दिसतात. अशा वेळी रंगाचा डबा आणण्याआधी किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व कोमट पाण्यात विरघळवून लावून पाहा. पुष्कळदा काम तिथेच संपतं. बाथरूम धुण्याचं कडक अ‍ॅसिड मात्र टाळलेलं बरं, त्याने सांध्यांमधलं सिमेंट झिजतं. आणि ब्लीचिंगबरोबर तर यातलं काहीच कधी मिसळू नये, विषारी वायू निघतो.

टाइलचा रंगच नकोसा झाला असेल, तर गोष्ट वेगळी. टाइलवरचा काचेसारखा लेप रंग धरत नाही. भिंतीचा डिस्टेंपर किंवा साधा ऑइलपेंट तिथे पोपडे धरून सुटतो. त्यासाठी दोन भागांचा (रंग आणि हार्डनर) इपॉक्सी लागतो, आणि खरी मेहनत असते ती त्याच्या आधी: तेलकटपणा, क्षार काढणं, पॉलिश पेपरने घासून चकाकी घालवणं, भिंत पूर्ण कोरडी करणं. हार्डनर मिसळला की मिश्रण घट्ट व्हायला लागतं, मे महिन्यातल्या उकाड्यात फारच लवकर. म्हणून थोडं थोडंच कालवा. पावसाळ्यात मुळीच नको. रंग पूर्ण पक्का व्हायला साधारण आठवडा जातो. घरात एकच बाथरूम असेल तर तोवर आंघोळ कुठे, हे आधी ठरवा!

बेसिनमागची भिंत रंगवायला माझी हरकत नाही. नळाखालची, रोज भिजणारी भिंत आणि जमीन मात्र सोडा. ठोकल्यावर पोकळ वाजणारी किंवा मागून ओल येणारी टाइल काढूनच बसवावी लागते.