विक्रीचा आकडा उशिरा बोलतो

बाजारात कोणालाही विचारा, "सेठ, धंदा कसा आहे?" उत्तर विक्रीवरच येते. आम्हा कापडवाल्यांची ही जुनी सवय आहे. परंतु मागावर काय बिघडले हे विक्रीचा आकडा दोन-तीन महिन्यांनी सांगतो, तोवर नुकसान होऊन गेलेले असते. म्हणून मोजमाप पायरीपायरीने ठेवावे लागते. मागाचे वेगळे, पेढीचे वेगळे आणि वर्षाचे वेगळे.

मालेगाव, भिवंडी किंवा इचलकरंजीच्या साध्या यंत्रमागाचा हिशेब घ्या. माग मिनिटाला १६० पीक मारतो व कापडाला इंचाला ६० पीक आहेत असे धरू. तासाला १६० इंच, म्हणजे सुमारे ४ मीटर. १२ तासांच्या पाळीत ४८ मीटर. प्रत्यक्षात ३६ मीटर उतरले तर माग पाऊण वेळच चालला. बाकीची पाव पाळी कोठे गेली? वीज गेली, तार तुटली, बीम चढवायला उशीर झाला की कांडी वेळेवर भरली नाही, हे मागाजवळची वहीच सांगेल. तार वारंवार तुटत असेल तर दोष कारागिराचा नसून सुताचा किंवा सायझिंगचाही असू शकतो. आणि कारागिराला नुसत्या मीटरवर मजुरी दिली, डॅमेज कधी मोजलाच नाही, तर तो मीटरच काढणार. त्यात त्याचे काय चुकले? दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहावेत.

पेढीवर हीच गोष्ट उधारीची. वर्षाची उधार विक्री ६० लाख आणि येणे १५ लाख असेल तर पैसा सरासरी ९१ दिवस बाहेर फिरतो. सूतवाला ३० दिवसांत पैसे मागतो. मधले ६१ दिवस कोण भरणार? येथेच आमचे अनेक भाऊ व्याजाच्या चिठ्ठीकडे वळतात, आणि त्याच महिन्यात विक्री वाढली म्हणून मिठाईही वाटतात! सेल्समनला केवळ विक्रीवर कमिशन दिले तर तो उधारीवर माल टाकणारच. वसुलीवर द्यावे.

माल बनवणाऱ्या सूक्ष्म व लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत द्यावेत, असे २००६ चा कायदा सांगतो. उद्यम नोंदणी करून तिचा क्रमांक बिलावर छापावा.

वर्षाचा आकडा आम्हाला जकातीमुळे काढावाच लागतो. हातातील माल त्या दिवशीच्या बाजारभावाने, रोकड आणि वसूल होण्यासारखे येणे धरून अडीच टक्के. माग व इमारत त्यात येत नाहीत. देणे किती वजा करायचे ते आलिमांना विचारावे. हिजरी वर्ष सुमारे ११ दिवसांनी लहान असल्याने हा हिशेब मार्चअखेरच्या वह्यांशी सहसा जुळत नाही, म्हणून जकातीची तारीख ठरवून त्या दिवशी मालाची मोजणी स्वतंत्रपणे करावी. त्या मोजणीत कोपऱ्यात पडलेले जुने ठाणही सापडतात.