पिसोरी म्हणजे भेकराचं पिल्लू नव्हे

चिपळूण, संगमेश्वरच्या घाटपायथ्याला रात्री गाडीच्या उजेडात एखादं इवलंसं, ठिपकेवालं जनावर रस्ता ओलांडतं आणि गावात बातमी होते, भेकराचं पिल्लू दिसलं. पुष्कळदा ती पूर्ण वाढलेली पिसोरी असते. भेकराच्या पिल्लाचे ठिपके काही महिन्यांत पुसट होऊन जातात. पिसोरीच्या अंगावरचे पांढरे ठिपके आणि पट्टे जन्मभर राहतात. वजन तीन किलोच्या आसपास, उंची जेमतेम फूटभर, पाय पेन्सिलीएवढे बारीक.

लहान असलं तरी हरीणच ना? नाही. तिचं कुळच वेगळं आहे. नराला शिंगं कधीच फुटत नाहीत, वरच्या जबड्यातून बारीक सुळे मात्र येतात. ती रवंथ करते, पण गाय किंवा भेकराच्या पोटात चार कप्पे असतात, तिच्या पोटात कामाचे तीनच. सुळ्यांमुळे तिला कस्तुरीमृग समजणंही चूक आहे. तो हिमालयातला, आणि पिसोरीजवळ कस्तुरी नसते. पिसोरीच्या कुळातल्या डॉर्काथेरियम या नामशेष प्राण्याचे जीवाश्म युरोप, आफ्रिकेत आणि आपल्या शिवालिक टेकड्यांतही सापडले आहेत. आज उरल्यात दहाएक जाती: भारतात एक, श्रीलंकेत दोन, बाकीच्या आग्नेय आशियात आणि एक आफ्रिकेत.

दिसत नाही म्हणजे संपली, हेही खरं नव्हे. ती रात्री फिरते, दिवसा झाडाच्या ढोलीत नाहीतर कपारीत बसते आणि चाहूल लागली की जागच्या जागी थिजते. म्हणून निर्धास्त राहावं असंही नाही. ऑस्ट्रेलियातले उंदीर-कांगारू असेच छोटे, निशाचर. त्यांतला गिल्बर्टचा पोटोरू नामशेष मानला गेला होता, तो 1994 मध्ये पुन्हा सापडला. वाळवंटी उंदीर-कांगारू मात्र 1931 मध्ये पुन्हा हाती लागूनही 1935 नंतर खात्रीने कुणाला दिसला नाही.

सगळ्यात घातक समज वेगळाच: आमच्या मालकीच्या रानातलं जनावर आमचं. रत्नागिरीतलं बरंचसं रान खाजगी आहे, म्हणून हे सांगायलाच हवं. पिसोरी 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. सातबारा कुणाच्याही नावावर असो, फासकी लावून तिला मारणं गुन्हाच. आणि वणव्यात पाचोळा, झुडपं जळाली की तिचा आडोसा जातो, खाली पडलेली फळंही जातात. पिसोरी जखमी दिसली तर घरी आणू नका, वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा.