वाताहत : वाऱ्याची आणि वाऱ्याविना

चैत्र-वैशाखात कळवण तालुक्यात उन्हाळ कांद्याची काढणी चालू असते. काही माल चाळीत गेलेला, काही शेतातच पातीखाली झाकलेला. अशा वेळी अवकाळी वारा आणि गारा येऊन गेल्या, की वर्तमानपत्राच्या मथळ्यापासून गावच्या पारापर्यंत एक शब्द हमखास येतो : वाताहत.

शब्द संस्कृत आहे. वातेन आहत, म्हणजे वाऱ्याने मारलेला. मुळात हे विशेषण. मराठीने त्याचे स्त्रीलिंगी नाम केले आणि त्याला 'होणे' व 'करणे' ही क्रियापदे जोडली.

नाशाचे शब्द आपल्याकडे पुष्कळ आहेत, पण त्यांची कामे वेगळी. 'धूळधाण'मध्ये वस्तूची माती होते. 'सत्यानाश' झाल्यावर काही शिल्लक राहत नाही. 'बट्ट्याबोळ' बहुधा कुणाच्या तरी नालायकीने होतो. १४ जानेवारी १७६१ नंतर 'पानिपत' हे गावाचे नावही दारुण पराभवासाठी वापरात आले. 'वाताहत'मध्ये मात्र माणसे, वस्तू उरू शकतात. मोडते ती त्यांची घडी. म्हणून घडा फुटतो, त्याची वाताहत होत नाही. वाताहत होते ती सैन्याची, संस्थेची, संसाराची.

या अर्थाने वाऱ्याविनाही वाताहत होऊ शकते. केंद्र सरकारने ७ डिसेंबर २०२३च्या अधिसूचनेने कांद्याची निर्यात बंद केली, तेव्हा नव्या लाल कांद्याची आवक चालू होती. नाशिक जिल्ह्यातील बाजार समित्यांत भाव कोसळले. झाड हलले नव्हते, कांदा शाबूत होता. विस्कटला तो त्या कांद्यावर मांडलेला वर्षाचा हिशेब : सोसायटीचे कर्ज, मजुरी, मुलांची फी, ठरलेले लग्न. बंदी उठली ४ मे २०२४ रोजी.

अशा वेळीही आपण सवयीने 'वाताहत झाली' म्हणतो, आणि तिथेच फसतो. शब्दाच्या पोटात वारा असल्याने कर्ता कोण, हे विचारायचे राहून जाते. गारपिटीचा पंचनामा होतो. पडलेल्या भावाचा होत नाही. म्हणून निदान व्याकरणात तरी काटेकोर राहावे. वाऱ्याने केली तर 'वाताहत झाली' म्हणावे. कागदावरच्या सहीने केली असेल, तर 'वाताहत केली' म्हणावे आणि कर्त्याचे नावही घ्यावे.