वाणाला बाजारापर्यंत कोण नेणार?

एक लाख कोटींच्या संशोधन निधीचा नोव्हेंबर २०२५ मध्ये शुभारंभ झाला, तेव्हा चर्चा पैशाचीच झाली. हा पैसा खासगी उद्योगांसाठी, तोही कल्पना बरीचशी सिद्ध झाल्यावरचा. त्याआधी शोध विद्यापीठातून उद्योजकाच्या हाती जातो तो माणसांमुळे, आणि अशी माणसं आपल्याकडे फार थोडी आहेत.

सोलापुरातच पाहा. पुणे महामार्गावर केगावला अहिल्यादेवी होळकर विद्यापीठ आहे आणि राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रही. केंद्राचा ‘सोलापूर लाल’ हा डाळिंबाचा वाण २०१७ मध्ये आला. लोह प्रचलित वाणाच्या जवळपास दुप्पट. पण आपला कायदा वनस्पतीला पेटंट देत नाही. उरतो तो २००१ च्या वाण संरक्षण कायद्याखाली नोंदणीचा आणि रोपवाटिकांना परवाने देण्याचा मार्ग. त्यात डाळिंबाची गुटी कुणीही बांधू शकतो, आणि आपल्या शेतातलं रोप लावण्याचा, देण्याघेण्याचा हक्क त्याच कायद्याने शेतकऱ्याला दिलाय. तो हवाच. मग रोपवाटिकेने पैसे मोजायचे कशाचे? खात्रीच्या मातृवृक्षाचे, तेल्या रोग नसलेल्या रोपाचे. असा करार लिहिणाऱ्याला बागही कळायला हवी आणि कायदाही. कृषी संशोधन परिषदेच्या केंद्रांमागे २०११ पासून ‘अ‍ॅग्रिनोव्हेट इंडिया’ ही कंपनी आहे. एका जिल्ह्यापुरत्या विद्यापीठाच्या पाठीशी तसं कोण आहे?

अमेरिकेत शोधांचे असे करार करणारे विद्यापीठांतले अधिकारी १९७४ मध्येच एकत्र आले. आजची ‘ऑटम’ ही संघटना त्यातूनच उभी राहिली. सरकारी पैशातून लागलेल्या शोधांची मालकी विद्यापीठांना देणारा बे-डोल कायदा त्यानंतर, १९८० मध्ये आला. आपण आधी कायद्याकडे धावलो. २००८ मध्ये राज्यसभेत मांडलेलं तसंच विधेयक पुढे मागे घ्यावं लागलं. ‘स्टेम’ ही आपल्याकडची या कामातल्या व्यावसायिकांची संघटना आहे, पण किती कुलगुरूंना ती ठाऊक असेल?

मला अशा संघटनेचं मोल वाटतं ते परिषदांपेक्षा एका साध्या गोष्टीसाठी. रॉयल्टी किती टक्के मागावी, हे पहिल्यांदाच करार करणाऱ्याला कुणाला तरी विचारता आलं पाहिजे. नाहीतर तो घाबरून अवाच्या सवा मागतो किंवा फुकट देऊन टाकतो.

पेटंट अर्जाच्या शुल्कात शिक्षणसंस्थांना २०२१ पासून ८० टक्के सवलत आहे. अर्ज वाढतील, पण विकत घेणारा शोधायचा कुणी? पुण्यात एनसीएल या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारातलं व्हेंचर सेंटर इतर संस्थांसाठीही हे काम करतं. केगावच्या दोन शेजाऱ्यांनी शहरातली अभियांत्रिकी महाविद्यालयं आणि चादर-टॉवेलचे कारखानदार सोबत घेऊन एकच प्रशिक्षित परवाना-अधिकारी नेमावा, आणि त्याच्या पगाराबरोबर ‘स्टेम’च्या सदस्यत्वाचीही तरतूद पुढच्याच अर्थसंकल्पात करावी.