बिस्कुपिनचे ओक

लाकडी रस्ता पायाखाली दणदण वाजतो आहे. सहलीला आलेली शाळकरी पोरं पुढे पळाली, त्यांच्यामागोमाग मीही वेशीच्या बुरुजाखालून आत शिरते. हे पोलंडमधलं बिस्कुपिन. ख्रिस्तपूर्व आठव्या शतकातली वस्ती इथे पुन्हा उभी केली आहे, म्हणजे थोडा तट आणि घरांच्या दोन रांगा. तटापलीकडे तळं.

घरात गारवा आहे. शाकारलेल्या एकाच लांब छपराखाली, चाळीतल्या खोल्यांसारखी, भिंतीला भिंत लागून घरं. दगड अंथरून केलेली चूल, अख्ख्या कुटुंबाला निजायला एकच जागा. शेजारच्या घरात डोकावते, मांडणी तीच. त्यापुढच्या घरातही तीच. जेमतेम दोन हेक्टरांच्या बेटावर अशी शंभरावर घरं तेरा रांगांत बसवली होती, आणि मुखियाचं म्हणावं असं मोठं घर उत्खननात मिळालंच नाही. मी इथेच थबकते. मग हे रस्ते आखले कोणी? शब्द कोणाचा चालत होता?

मी हात फिरवते आहे तो ओंडका मात्र आपल्या काळातला. खरी लाकडं खाली, ओल्या मातीत. १९३३ साली तळ्याचं पाणी उतरलेलं असताना वालेंती श्वायत्सेर या गावच्या शिक्षकाला वर आलेले खुंट दिसले. पुढच्याच वर्षी युझेफ कोस्त्शेव्स्की यांनी खोदायला घेतलं. खोडांतली वर्षवलयं तपासल्यावर कळलं, की निम्म्याहून अधिक ओक ख्रिस्तपूर्व ७३८-७३७ च्या एकाच हिवाळ्यात तोडलेले आहेत. एकाच! गोठलेल्या तळ्यावरून ते ओढत आणले असतील, असं इथे उभं राहून मला वाटतं.

हे आपल्या स्लाव्ह पूर्वजांचं गाव, असं तेव्हा पोलिश अभ्यासक म्हणत. दुसऱ्या महायुद्धात नाझींच्या एसएस दलातल्या लोकांनी इथेच खोदून ते जर्मनांचं ठरवू पाहिलं. मला दोघांचाही हट्ट खटकतो. त्या वलयांत पाऊसपाणी वाचता येतं, वंश नाही.

तटाबाहेर तिरपे रोवलेले खुंट दाटीने उभे आहेत, लाटांनी आणि बर्फाने तट फुटू नये म्हणून. मुलं त्यांच्याकडे बोट दाखवत एकमेकांना हाका मारतात. उघड्यावर जुनं लाकूड सुकतं, चिरतं, म्हणून उत्खननानंतर ते पुन्हा झाकलं. संशोधक आजही त्याच्या ओलीवर नजर ठेवून असतात. पोलंडच्या या भागात पाऊस मुळातच कमी. जमिनीतलं पाणी पुन्हा खोल गेलं, तर खालच्या ओकांना हवा लागेल आणि ते कुजतील.